माउईचा सुमो शर्ट

हवाई बेटांचे नाव घेतले की निळा समुद्र, फुलांच्या माळा आणि मधुचंद्राला आलेली जोडपी डोळ्यांसमोर येतात. पण माउई बेटावर उतरून वायलुकू गावाकडे वळले, की हॉटेले मागे राहतात आणि साधीसुधी वस्ती सुरू होते. इथे माणसांच्या अंगातले टी-शर्ट जरूर वाचावेत. होड्यांच्या शर्यतीचा संघ, शाळेचा वाद्यवृंद, सुमो कुस्तीचा क्लब, कुणालाही पैसे उभे करायचे झाले, की शर्ट छापून विकायचा, ही या बेटांची जुनी रीत. ऑगस्ट 2023मध्ये लहाइना गाव वणव्यात जळाले, तेव्हाही मदतीसाठी असेच शर्ट विकले गेले.

हवाईत सुमो आली ती उसामुळे. 8 फेब्रुवारी 1885 रोजी 900हून अधिक जपानी मजूर व त्यांचे कुटुंबीय जहाजाने होनोलुलूला उतरले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी राजा कालाकाउआपुढे कुस्त्या करून दाखवल्या. मळ्यावर गेल्यावर मात्र त्यांची नावे पुसली गेली. प्रत्येकाजवळ ‘बांगो’ नावाचा क्रमांकाचा बिल्ला असे. पगार त्यावर आणि दुकानातली उधारीही त्यावरच. सुटीच्या दिवशी आखाड्यात उतरले, की माणूस पुन्हा नावाने ओळखला जाई. पुढे 1930च्या दशकात किमोनोच्या कापडाचे रंगीत शर्ट होनोलुलूत शिवले जाऊ लागले, त्यातही जपानी शिंपी होते. म्हणजे शर्ट आणि कुस्ती ही तशी शेजारधर्माचीच नाती!

याच वायलुकूच्या हॅपी व्हॅली वस्तीतला जेसी कुहाउलुआ हा उंचपुरा मुलगा शाळेत फुटबॉल खेळे. पाय आणि कंबर बळकट व्हावी म्हणून त्याला सुमो खेळायला सांगितले गेले. 1964मध्ये तो टोकियोला गेला, ‘ताकामियामा’ झाला आणि जुलै 1972मध्ये नागोयाची स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी मल्ल ठरला. अमेरिकेच्या राजदूतांनी आखाड्यातच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा अभिनंदनाचा संदेश वाचून दाखवला. पुढे त्याच्याच तालमीत तयार झालेला हवाईचा आकेबोनो 1993मध्ये पहिला परदेशी योकोझुना, म्हणजे महामल्ल, बनला.

जपानमध्ये नामवंत मल्लाच्या मागे धनिक चाहते उभे असतात. त्याचा जरतारी पोशाखही तेच भेट देतात. गावच्या क्लबला कोण देणार? रिंगणाची माती पुनःपुन्हा बसवावी लागते. मुले वाढली, की जाड सुती लंगोट नवे लागतात (त्या लंगोटाला जपानीत ‘मावाशी’ म्हणतात. मराठी माणसाला हसू आवरणे कठीणच!). सर्वांत मोठा खर्च विमानाचा. माउईहून होनोलुलूला प्रवासी बोट जात नाही. 2009मध्ये बंद पडली ती पडलीच. म्हणून शेजारच्या बेटावर कुस्ती खेळायची, तरी प्रत्येक मुलाचे तिकीट काढावे लागते.

ते तिकीट शर्टातून निघते. कोरा शर्ट बाहेरून येतो, पण चित्र गावातल्याच कुणीतरी काढलेले असते आणि छपाई बेटावरच, जाळीच्या चौकटीतून रंग ओढून होते. सुमोचा शर्ट म्हटल्यावर मोठी मापे जास्त छापावी लागतात, हे सांगायला नकोच.

डिसेंबर 2016मध्ये माउईवरचा, हवाईतला शेवटचा, साखर कारखाना बंद झाला. 2003मध्ये मुसाशिमारू निवृत्त झाल्यापासून हवाईचा एकही मल्ल जपानच्या अव्वल श्रेणीत पोहोचलेला नाही. तरी हौशी सुमो चालू आहे आणि तिच्यात मुलीही लढतात. जपानच्या व्यावसायिक रिंगणात स्त्रीला पाऊल ठेवायचीही मनाई आहे. इथे मात्र मुलगी मावाशी बांधून मातीत उतरते, मूठ जमिनीला टेकवते आणि समोरच्याला रेषेबाहेर ढकलते. बाहेर बसलेल्या आजीच्या अंगात क्लबचा शर्ट असतो, दोन मापे मोठा.