आसनाची कळ

राहू बेटात, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या दुआबात, उसाच्या शेतांतून जी बारीक धूळ वाऱ्याबरोबर उडते, ती आमच्या जुन्या मोटारीच्या आसनाच्या विद्युत्-बटणातही शिरली असावी. कारण आसन मागे सरके, परंतु पुढे येण्याचा हुकूम मानीनासे झाले होते. नवे बटण मागविण्यापूर्वी आज दोषाची तहकिकात केली. दोन्ही दिशांना आसन सरकविणारी मोटर एकच असते, आणि बटण केवळ तिच्यातील १२ व्होल्टच्या प्रवाहाची दिशा उलटविते. तेव्हा एका दिशेला फिरणारी मोटर आणि तिचा फ्यूज दोन्ही निर्दोष ठरले.

बॅटरीची ऋण तार सोडवून बटणाची पेटी उघडली, तो तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवर सुकलेल्या ग्रीसचे काळपट पुट आढळले. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते हलकेच काढून, इवल्या स्प्रिंगा जागच्या जागी बसवून, मल्टिमीटरवर वहन तपासले, आणि आसन पूर्ववत् पुढे येऊ लागले.

एका अंशात निकामी झालेली वस्तू सर्वस्वी बाद ठरविण्याची घाई हल्ली फार बोकाळली आहे. तिला आवर घालणारी ही दुरुस्तीची विद्या गावोगावच्या मिस्त्रींपाशी अद्याप जिवंत आहे, आणि ती पुढील पिढीच्या हाती सोपविणे हे मी आपले कर्तव्य समजतो.