काटा आणि फीत

गेली वीस वर्षे माझे वजन 62 किलोच्या पुढे सरकले नाही, याचा मला केवढा अभिमान! उंची 167 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय जेमतेम 22. आपल्याकडे 23 च्या आत असला की निर्धास्त राहावे, अशी माझी समजूत. साठीच्या तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा मी प्रयोगशाळेवरच संशय घेतला.

सौभाग्यवतीने मात्र शिवणाच्या डब्यातील फीत काढली आणि शेवटची बरगडी व कंबरेचे हाड यांच्या मधोमध धरली. 96 सेंटीमीटर! (श्वास आत ओढूनही.) भारतीय पुरुषाची मर्यादा 90, स्त्रीची 80.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले छायाचित्र मग आठवले. बीएमआय दोघांचाही 22.3, परंतु क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्राने मोजलेली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. उंची-वजनाच्या भागाकाराला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही. डेक्सा खर्चिक, फीत घरातच होती.

आता दर रविवारी ती डब्यातून निघते. काल 94 भरले. काटा अजून 62 वरच आहे.