३१९ नंबरचा मामला

आमच्या अहेरीच्या मावशीला पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय आहे. गेल्या उन्हाळ्यात फोनवर थेट सवाल आला. "हे ३१९ काय होय रे? वर तर 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलं आहे, अन् मागं हे! पोरगा रोज खाते." पोरगा म्हणजे तिचा नातू. वय वर्षं चार, वजन १५ किलो.

तर मंडळी, ३१९ म्हणजे टीबीएचक्यू. बीएचए (३२०) आणि बीएचटी (३२१) हे त्याचे भाऊबंद. नियमांत अँटिऑक्सिडंट आणि प्रिझर्व्हेटिव्ह हे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिला तेल खवट होऊ देत नाही, दुसरा बुरशी-जंतू रोखतो. म्हणून दोन्ही ओळी एकाच पाकिटावर सुखाने नांदतात.

खवटपणा हा आपल्या भाषेत इन्फिनिट लूप. ऑक्सिजनने बिघडवलेला तेलाचा एक रेणू शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला... टीबीएचक्यू स्वतःचा हायड्रोजन देऊन हा लूप ब्रेक करतं, आणि त्यात स्वतः खर्ची पडतं.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या तज्ज्ञ समितीने आयुष्यभर रोज चालेल असं प्रमाण ठरवलंय: वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम. भारतातली मर्यादा तेलाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम. समजा, ५० ग्रॅम चिप्समध्ये १७ ग्रॅम तेल. म्हणजे जास्तीत जास्त ३.४ मिलिग्रॅम. माझ्यासारख्या ६० किलोच्या माणसाला बारा पाकिटं लागतील. नातवाला तीनच! वर बिस्किटं, फरसाण वेगळंच. आणि मीठ-तेलाचा त्रास तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. जपानमध्ये टीबीएचक्यूला परवानगीच नाही, हेही जाता जाता.

मावशीला खवटपणा मी काय शिकवणार म्हणा! जवसाचं तेल लवकर खवट होतं म्हणून ती घाण्यावरून थोडं थोडंच आणते. चारोळी कवचातच ठेवते, लागेल तेवढी फोडते. पाकिटाला ही सोय नाही. ते कारखान्यातून निघून, चंद्रपूर-आलापल्ली करत, मे महिन्याच्या उन्हात टपरीवर महिनोन् महिने लटकणार. ३१९ त्यासाठीच.

तिला एवढंच सांगितलं, "मावशी, विष नाही ते. पण रोज नको देऊस. त्याचं वजन बघ अन् मग पाकीट बघ."

असो. तुमच्या ड्रॉवरमधलं पाकीट एकदा उलटं करून बघा.