घराला पायऱ्या किती?

परीक्षकाचें काम आम्ही पंचवीस वर्षें केलें आहे. प्रश्नपत्रिकेंत कुटिलपणा किती भरतां येतो याची आम्हांस पुरती ओळख आहे. परंतु सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत चिनी आगंतुकांची जी तोंडी परीक्षा चाले, तिच्यापुढें आमचीं विद्यापीठें अगदींच भोळीं. गांवच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कोणत्या खोलींत? ओळींतल्या तिसऱ्या घरांत कोण राहतें? हेच प्रश्न अमेरिकेंतल्या बापाला निराळे विचारीत; उत्तरें जुळलीं नाहींत तर मुलाची परत रवानगी होण्याची पाळी येई.

याचें मूळ १८८२ च्या कायद्यांत आहे. ज्यांनीं सिएरा नेवाडाचे कडे फोडून १८६९ मध्यें लोहमार्ग पुरा करून दिला, त्यांच्याच मजूर देशबांधवांना तेरा वर्षांनीं दार बंद झालें. व्यापारी व विद्यार्थी यांना तेवढी मुभा! १८८८ मध्यें तर परतीचे दाखले घेऊन स्वदेशीं गेलेल्यांचे दाखलेच रद्द केले. चाय चान पिंग नांवाचा मजूर तेव्हां समुद्रावर होता. सर्वोच्च न्यायालयानेंहि १८८९ त त्याला झिडकारलें.

मग १९०६ चा भूकंप झाला आणि आगींत शहराचीं जन्मनोंदींचीं दप्तरें जळालीं. आपण येथेंच जन्मलों असें म्हणणाऱ्याला खोटें ठरविणें कठीण झालें. येथें जन्मला तो नागरिक, हें वाँग किम आर्कच्या खटल्यांत १८९८ सालींच ठरलें होतें. नागरिकाचा मुलगा तोहि नागरिक. यांतून ‘कागदी पुत्र’ निपजले. आमच्याकडे दत्तक घ्यावयाचा तर निदान होम तरी करतात. येथें पैसे मोजून नांव विकत घ्यावयाचें, परक्या कुळाची टिपणवही बोटीवर पाठ करावयाची आणि ती समुद्रांत फेकून द्यावयाची. या लबाडीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण पाठांतराच्या बळावर खोटा मुलगा उत्तीर्ण व्हावा व भांबावलेला खरा मुलगा नापास व्हावा, ही परीक्षा सत्याची खास नव्हे. आमच्या आजोळच्या घराला पायऱ्या किती, हें आम्हांस छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. आणि बालपणाच्या साऱ्या सुट्या आम्ही तेथेंच काढल्या.

महायुद्धांत चीन दोस्त ठरल्यावर १९४३ मध्यें कायदा रद्द झाला, आणि वर्षाला १०५ चिन्यांना प्रवेश मिळाला! आपण हंसण्याचें कारण नाहीं. भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्यें नागरिकत्व नाकारणाऱ्या त्या देशानें १९४६ त हिंदी लोकांना वर्षाचे शंभरच दिले. एंजल बेटावर आपलेहि लोक अडकून पडले होते.

तेथील बराकींच्या लांकडी भिंतींवर चिनी बंदिवानांनीं कोरलेल्या कविता रंगाच्या थरांखालीं दडल्या होत्या. १९७० मध्यें, इमारत पाडण्याचें घाटत असतां, एका उद्यानरक्षकाला त्या दिसल्या. त्यांचीं इंग्रजी भाषांतरें आम्ही वाचलीं आहेत. बहुतेकांखालीं कवीनें नांव घातलेलें नाहीं.