रोजकीर्द आणि ताळेबंद

हडपसरच्या अण्णासाहेब मगर महाविद्यालयात किंवा एस. एम. जोशी महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या मुलाला निकालाच्या दिवशी घरी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "गुण किती?" ते कसे मिळाले, हे क्वचितच विचारले जाते.

ही महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाच्या सेंद्रिय रसायनशास्त्राला ५० गुण होते : ३५ सत्रान्त परीक्षेचे आणि १५ अंतर्गत मूल्यमापनाचे. व्यापाऱ्याच्या भाषेत, १५ गुणांची ती रोजकीर्द आणि ३५ गुणांचा तो ताळेबंद.

या विषयात रोजकीर्दीला पर्याय नाही. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली, की ब्रोमीन मधल्या कार्बनला जोडला जातो. पेरॉक्साइड असेल, तर तोच टोकाच्या कार्बनला जातो. नुसते उत्तर पाठ करणारा येथे फसतो. एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा दिसावी लागते, तसा प्रत्येक इलेक्ट्रॉन कोठून कोठे गेला, हे बाण काढून दाखवावे लागते. म्हणूनच टप्प्यांना गुण असतात.

मित्राच्या वहीतून उतरवलेला गृहपाठ ही खोटी नोंद होय. तिने १५ पैकी एखाददुसरा गुण वाढेल. ताळेबंद मात्र जुळणार नाही.

वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एकदा मुलाची वही उघडून "हे कसे झाले, सांग बरे," एवढेच विचारावे. रसायनशास्त्र येत नसले तरी हरकत नाही. न समजता केलेली नोंद वाचताना माणूस अडखळतो, आणि ते अडखळणे पेढीवर बसलेल्याच्या कानाला लगेच कळते.