फाइलमधलं वाचनालय



आमची शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळतात. वाचनालयात ४०० च्या आसपास पुस्तकं. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, हे कळावं म्हणून शाळेच्या जुन्या संगणकावर मी पीएचपीमध्ये एक छोटं वेबपेज बनवलं. डेटाबेस नव्हताच, एक साधी टेक्स्ट फाइल होती. एका ओळीत एक पुस्तक: पुस्तकाचा क्रमांक, नाव, ते कोणाकडे आहे आणि तारीख. मध्ये उभी रेघ. स्वल्पविराम मुद्दाम टाळला. तो पुस्तकाच्या नावातही येतो, मग रकाने सरकतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली, त्यामुळे मराठी अक्षरं नीट राहिली.

एवढ्या कामाला फाइल पुरते. नोटपॅडमध्ये उघडते, डोळ्यांनी वाचता येते, पेनड्राइव्हवर नेता येते. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेत. २,००० वर्षं झाली, तरी ब्राह्मी येणाऱ्याला ते आजही वाचता येतात. साध्या नोंदीची ताकद ही अशी!

पण एकदा गडबड झाली. सहावीतल्या एका मुलीच्या नावावर पुस्तक बाकी दिसत होतं.

"सर, मी कवाच दिलंय."

मी म्हटलं, "संगणक खोटं बोलत नाही."

ती खाली मान घालून बसली. दोन दिवसांनी पुस्तक कपाटातच सापडलं.

चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. एक ओळ बदलायची तरी तो सगळी फाइल वाचायचा आणि पुन्हा सगळी लिहायचा. त्या दिवशी बाई मोबाइलवरून आणि मी संगणकावरून एकाच वेळी नोंद करत होतो. दोघांनी जुनी फाइल वाचली. बाईंनी तिचं पुस्तक जमा केलं आणि त्यावर माझी फाइल लिहिली गेली. बाईंची नोंद पुसली गेली.

मग पद्धत बदलली. आता जुनी ओळ बदलायची नाही. पुस्तक दिलं की एक ओळ, परत आलं की दुसरी, तीही फाइलच्या शेवटी. शेवटची ओळ खरी मानायची. लिहिताना फाइलला लॉक लावायचं, म्हणजे दुसऱ्याला थांबावं लागतं. रोज सुटताना एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. आपल्या कागदी रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, तोच नियम इथे लावला.

लिहिणारे हात वाढले तर एसक्यूलाइट वापरावं. २००० साली आलेला हा डेटाबेसही एकाच फाइलमध्ये राहतो आणि नोंद अर्धवट राहू देत नाही.

त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. आता एखादं मूल "दिलंय" म्हणालं, की आधी कपाट बघतो, मग फाइल.