तिला माती लागते

शार्लोट तलावाच्या अलीकडे एका वळणावर चांदणी थांबली. लगाम माझ्या हातात होता, पण तो धरण्यापुरता; खरी दोरी घोडेवाल्या दादांच्या मुठीत. त्यांनी ती ओढली नाही. उलट सैल सोडली आणि म्हणाले, "ताई, रिकिबीत उभ्या राहा जरा. पाठीवरचा भार काढा तिच्या."

मी खोगिराचा पुढचा उंचवटा धरून उभी राहिले. दादा शीळ घालायला लागले. गाण्याची शीळ नव्हे. एकसुरी, लांबट, हळू. लहान पोराला पायांवर धरून आपण ‘शूऽ शूऽ’ करतो, तिचीच थोरली बहीण. चांदणीनं मागचे पाय फाकवले, अंग सैल केलं, आणि वाळक्या पाचोळ्यावर वळीव कोसळावा तसा आवाज झाला. बराच वेळ चालला. मग तिनं एक लांब श्वास सोडला. तो माझ्या दोन्ही पोटऱ्यांना कळला.

"दस्तुरीपासून धरून ठेवलं होतं," दादा म्हणाले. "पेव्हर ब्लॉकवर नाही करत ती. पायांवर शिंतोडे उडतात ना. तिला माती लागते."

पुढचा दीड तास मी पॉइंट पाहिले, दऱ्या पाहिल्या, फोटो काढू दिले. पण कानात हे तीन शब्दच राहिले.

माथेरानला मी पाच-सहा वेळा तरी आले असेन. दर वेळी समोर पाहिलं, लांब पाहिलं. इथं सगळी रचनाच लांब पाहण्याची आहे. डोंगराच्या कडेला जिथं जिथं जमीन संपते तिथं तिथं एक नाव आणि एक कठडा. लुईझा, इको, अलेक्झांडर, पॅनोरमा. पायाखाली काय आहे हे कुणी विचारत नाही. पायाखाली जांभा आहे. सच्छिद्र, तांबडा, पावसात वितळल्यासारखा होणारा आणि उन्हात पुन्हा आवळून घेणारा. त्याची झालेली माती इतकी तांबडी, की इथून परतलेल्या माणसाचे बूट पाहून नेरळ स्टेशनावर कुणीही सांगेल हा कुठून आला.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून आला आणि मग साहेबांचे बंगले उठले. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली दोन फुटी रुळांची गाडी वर आली ती १९०७ मध्ये. मधली पन्नासहून अधिक वर्षं नेरळहून जो कुणी वर आला तो पायी, पालखीत, नाहीतर घोड्यावर. इथं मोटारीला दस्तुरी नाक्यापुढे वाट नाही, म्हणून घोडा टिकला. माणसं पाठीवर घेणारे घोडे वेगळे, सिलिंडर आणि सिमेंटच्या गोणी वाहणारे वेगळे. दुसऱ्या जातीचे घोडे फोटोत फारसे येत नाहीत. ते खाली मान घालून, ओळीनं, माणसांच्या घोड्यांना वाट देत कडेनं चढत असतात.

घोडा निवडायचा कसा हे मला कुणी शिकवलं नाही, पण मी एक करते. रंग, उंची, नाव काही बघत नाही. खोगिराच्या कडेखाली हात घालते. तिथं घाम असावा, खरबरीत केस असावेत, पण ओल नको, सालपट नको. तंगाच्या पट्ट्याखाली बोटं फिरवते. ज्याच्या घोड्याची कातडी धड, त्याच्याशी बोलणं करायचं. त्या सकाळी चांदणीच्या बरगड्यांवरून हात फिरवताना दादा शेजारी नुसते उभे होते, हात मागे बांधून. दर सांगायची घाई केली नाही. पांढरी घोडी, कानांच्या टोकांशी करड्या छटा, नाकपुड्यांजवळ कातडी गुलाबी. "बघा, बघा," एवढंच म्हणाले. मुलीला बघायला आलेल्यांपुढे बाप उभा असावा तसे.

नंतर निघालो, शंभर-दीडशे पावलं गेलो असू, तर ते थांबले. तंगाखाली हात घातला आणि पट्टा दोन भोकं वर ओढला. "आता खरी कमर मिळाली," म्हणाले.

आणि मी नऊ वर्षांची झाले.

माझं आजोळ रोह्याकडचं. दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर गेलं, की घाटावरून धनगर उतरायचे. फलटण, माण, खटाव. आम्हा मुलांना ही नावं गावांची नव्हे, दिशांची वाटायची. कुठूनतरी वरून, जिथं पाऊस पडत नाही तिथून, दोन-अडीचशे मेंढरं, सात-आठ कुत्री, चार-पाच घोडी आणि एक अख्खं घर चालत यायचं. आजोबा त्यांना दरवर्षी आमच्या खाचरात मेंढरं बसवायला सांगायचे. रात्री मेंढरं शेतात बसली की त्यांच्या लेंड्यांनी, मुतानं जमिनीला खत मिळतं. त्याबदल्यात धनगरांना भात मोजून द्यायचं. वाघुरीची जाळी लावून गोल करायचे आणि त्यात मेंढरं. दुसऱ्या रात्री तो गोल पुढच्या खाचरात. असं सगळं शेत रात्रीरात्रीनं पुरं व्हायचं. आजोबा पहाटे अनवाणी जाऊन त्या ओल्या, काळवंडलेल्या गोलात उभे राहायचे. मूठभर माती उचलून हुंगायचे. शेतातून घरी आले की आजीला सांगायचे, "मुरलंय."

मला मेंढरांत रस नव्हता. मला घोड्या हव्या असायच्या. त्यातली एक तांबूस, कपाळावर खडूच्या बोटाइतकी पांढरी रेघ. ठेंगणी. आज आठवून सांगते तर तिची पाठ माझ्या बापाच्या छातीएवढीही उंच नसेल. तिचं नाव मला कधी कळलं नाही; जिची ती घोडी, त्या धनगर बाईनं तिला हाक मारलेलीच मी ऐकली नाही. ती नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज करायची आणि घोडी यायची.

धनगरांचा वाडा हलायचा त्या दिवशी मी अंधारात उठून जायचे. पुरुष मेंढरं घेऊन आधीच निघालेले असत. घर घोड्यांवर चढवायचं काम बायकांचं. मी बांधावर बसून पाहायचे, आणि आयुष्यात मी कुठलंही काम इतक्या नीटसपणे होताना पाहिलेलं नाही. आधी घडी घातलेली जुनी घोंगडी, तिच्यावर जाडसर गोधडी, मग दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या. बाई एक गोणी उचलून मनात तोलायची, दुसरीतून दोन मुठी धान्य काढून पहिलीत टाकायची, पुन्हा तोलायची. मग पितळेची भांडी एकात एक. वाघुरीची गुंडाळी. काठ्या. डालग्यात कोंबड्या. कडेच्या पिशवीत दोन दिवसांची कोकरं, फक्त डोकी बाहेर, आणि ती डोकी आश्चर्यानं इकडे तिकडे वळत असायची. सगळ्यांत वर, घोंगडीच्या खोबणीत, दीड-दोन वर्षांचं पोर.

पण मधे एक क्षण यायचा. बाईनं तंगाची दोरी ओढली की घोडी पोट फुगवायची. दोरी घट्ट झाली असं वाटायचं. बाई गाठ मारायची नाही. घोडीच्या कुशीला गुडघा टेकवून, दोरी हातात धरून, ती उगाच आभाळाकडे बघत राहायची. मी विचारलं, काय करतेस?

"फुगवतीया बघ प्वाट. शानी हाय. दम सोडू दे तिला, मंग आवळायचं."

दोघी थांबून राहायच्या. एक दम धरून, एक दोरी धरून. कुणालाच घाई नाही. आणि मग घोडीच आधी हरायची. पोट खाली बसायचं, दोरी हातभर आत यायची, गाठ पडायची. बाई तिच्या मानेवर थाप मारायची. त्या थापेत राग नव्हता, विजयही नव्हता. रोजचा हिशेब चुकता व्हावा तशी थाप.

त्या वर्षी, शेवटच्या सकाळी, तिनं मला बांधावरून उचललं आणि अजून न लादलेल्या त्या तांबूस घोडीवर बसवलं. खोगीर नाही, रिकीब नाही. नुसती कोमट पाठ आणि खालून येणारं धुकं. खाचराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तीस पावलं असतील. मी आयाळ धरली होती. बाई पुढे चालत होती, मागे वळूनही न बघता. पलीकडच्या बांधापाशी घोडी थांबली आणि मला तिच्या पाठीतून जमीन कळली. म्हणजे कशी, हे सांगणं अवघड आहे. भाताच्या खुंटांचा कुरकुर आवाज, मग मऊ भाग, मग बांधाचा टणकपणा. हे सगळं माझ्या मांड्यांना चार पायांतून वर आलेलं. मी स्वतः त्याच शेतात रोज अनवाणी धावत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मधे नुसत्या स्नायूंच्या झोळीत लटकतं. म्हणून चालताना तो झोके घेतो. आणि घोडा चालतो तो मधल्या एकाच बोटाच्या नखावर. बाकीची बोटं कोट्यवधी वर्षांच्या वाटेवर गळून गेली. एवढं शरीर, त्यावर आपण, आणि जमिनीला टेकलेली चार नखं. खुराच्या तळाशी एक मऊसर त्रिकोणी गादी असते, ती पावलागणिक दबते आणि सुटते. हे वाचलं तेव्हा मला त्या तांबूस घोडीची पाठ आठवली, पुस्तकातलं चित्र मागाहून दिसलं.

त्या ठेंगण्या घोड्यांना भीमथडीची तट्टं म्हणतात. भीमेच्या थडीची, काठची. मराठ्यांचं घोडदळ ज्यांच्यावर दूरदूर गेलं ती ही जात. उंची कमी, खाणं थोडं, खूर चिवट. तलवारी गेल्या, छावण्या गेल्या, मग ती टिकली कुणाकडे, तर धनगरांकडे. त्यांची भांडीकुंडी आणि कोकरं वाहत. २०२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली. बातमी वाचून मी खूप वेळ कुणाला फोन करावा याचा विचार करत बसले. आजोबा नाहीत. त्या बाईचं नावही मला ठाऊक नाही.

लुईझा पॉइंटला आम्ही उतरलो. समोर प्रबळगड, सकाळच्या उन्हात एका बाजूनं उजळलेला. दादांनी चांदणीला झाडाच्या सावलीत नेलं, दोरी बांधली नाही, नुसती मानेवर टाकली. त्यांना म्हटलं, पेव्हर ब्लॉक घातले ते बरं की वाईट? ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना बरं. शाळेच्या पोरांना बरं. पावसात माती वाहून जाते ती खरीच. "पण ओलं झालं की नाल सरकते. आणि उतारावर घोडं एकदा सरकलं ना, की मग ते त्या जागेला दर वेळी घाबरतं. आपण विसरतो. ते नाही विसरत."

मला दोन्ही बाजू पटतात, आणि तरी माझं मत ठाम आहे. रस्त्याच्या एका कडेला घोड्याच्या रुंदीची मातीची पट्टी राखावी. बस, एवढीच. इथली हातरिक्षा माणसानं माणसाला ओढायची गोष्ट होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं, आणि ई-रिक्षा धावू लागल्या याचा मला आनंद आहे. पण चाक आणि खूर यांना एकच जमीन आवडावी असा आग्रह का?

परतीला उतार होता. "मागं रेला, टाचा खाली," दादा सांगत होते. चढताना पुढे झुकायचं, उतरताना मागे. म्हणजे डोंगर कसाही तिरपा झाला तरी आपण सरळ, झाडासारखं. झाडांचा मांडव दाट होता. वर कुठंतरी शेकरू बोललं आणि चांदणीचा एक कान तिकडे वळला, दुसरा दादांकडेच राहिला. घोड्याला वाटेत दोन गोष्टी एकाच वेळी ऐकता येतात. मला तिच्या कानांच्या मधून रस्ता दिसत होता. बंदुकीच्या माशीतून दिसावा तसा, पण कशावरही नेम न धरलेला.

पुढून एका मुलाचा घोडा दुडक्या चालीनं आला, मुलगा आरडाओरड करत होता, त्याचे वडील मागून चित्रीकरण करत होते. दादांनी चांदणीला मातीच्या कडेला घेतलं आणि ते जाईपर्यंत तिच्या डोळ्याजवळ तळवा आडवा धरला. मला दौड आवडत नाही. घोड्याची चाल आवडते. चालीत चारही पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके, आणि त्यांच्या मधल्या जागेत बोलता येतं, गप्पही बसता येतं.

बाजाराजवळ मी उतरले. पायांना जमीन परकी वाटली. पैसे दिले, मानेवर थाप मारली. किती जोरात मारायची ते मला अजूनही कळत नाही. पलीकडे मोकळ्या जागेत दादांनी तंग सोडला, खोगीर उतरवलं. त्याखाली घामाचा ओला चौकोन, आणि त्यातून वाफ. चांदणीनं अंग थरथरवलं. पुढच्या पायांनी माती उकरली, हुंगली, एकदा गोल फिरली, गुडघे मोडले आणि धप्पकन खाली बसून लोळण घेतली. या कुशीवर, मग पाठीवर, चारही खूर आभाळाकडे, नाली उन्हात चमकत, मग त्या कुशीवर. घशातून समाधानाचे आवाज. तांबड्या धुळीचा लोट माझ्या चपलांपर्यंत आला.

स्टेशनाकडून गाडीची शिटी झाली. चांदणी तशीच पडून राहिली. मग एका झटक्यात उठली, पांढरी घोडी तांबडी होऊन, आणि दादा गोणपाटाच्या पिशवीतून खरारा काढायला वाकले.